नवी पेटी, जुनी डिस्क आणि गायब आवाज (लिनक्स)

मुकीपेटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. काल नवा संगणक जोडून झाला. पहिल्याच बटणाला पंखे फिरले, पडद्यावर चित्र आलं, नेटही लागलं. आनंदात गाणं लावलं तर शुकशुकाट.

मदरबोर्ड, रायझन प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड नवं आहे. कॅबिनेट जुनंच. एसएसडीही जुनीच, तिच्यावर आधीपासूनचं डेबियन १२ (लिनक्सचीच एक जात), ग्नोम डेस्कटॉपसह. ती काढून नव्या बोर्डावर लावली आणि पुन्हा काही न टाकता बूट झाली. स्पीकर मागच्या हिरव्या जॅकला लावलेत. फोनला लावले की ते वाजतात, म्हणजे स्पीकर ठीक आहेत.

सेटिंग्जमध्ये आउटपुटला फक्त एचडीएमआय दिसतं, दुसरं काहीच नाही. माझ्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. गाणं चालू असताना आवाजाची पट्टी मात्र वरखाली नाचते. म्हणजे आवाज कुठेतरी जातोय, माझ्यापर्यंत येत नाहीये.

बोर्डाची कंपनी मुद्दाम लिहीत नाही, त्यावरून इथे भांडण नको.

सरळमार्गी

जुनी डिस्क नव्या बोर्डावर? पुसा आणि नव्याने टाका. अर्ध्या तासाचं काम आहे, चौकशी कशाला करत बसायची.

उलटतपासणी

थांबा, पुसू नका. पुसून वाजलं तर का वाजलं ते कळणार नाही आणि नाही वाजलं तर डिस्कही गेली, आवाजही गेला.

पट्टी नाचते आहे ही चांगली खूण आहे. म्हणजे पाइपवायरपर्यंत (प्रोग्रॅमांचे आवाज गोळा करून पुढे पाठवणारी यंत्रणा) सगळं ठीक आहे. गडबड त्याच्या खाली आहे: एकतर आवाजाची चिप कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) दिसतच नाहीये, नाहीतर दिसते पण ड्रायव्हर लागत नाहीये. म्हणून खालून वर येऊ. टर्मिनलमध्ये तीन गोष्टी चालवा आणि जे येईल ते इथे टाका. (आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टंकताना अर्थातच रोमनमध्ये.)

एलएसपीसीआय -के
एप्ले -एल (धाकटं एल, थोरलं नाही, थोरल्याने भलतीच लांब यादी येते)
डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस

पहिली आज्ञा पीसीआय बसवर (बोर्डावरचे भाग जोडणाऱ्या मार्गावर) काय बसलंय ते आणि प्रत्येकाला कोणता ड्रायव्हर लागलाय ते सांगते. दुसरी अल्साला (कर्नलमधल्या आवाजाच्या भागाला) कोणती कार्डं मिळाली ते सांगते. तिसरी पाइपवायरचं मत सांगते, त्यात चांदणी असलेली ओळ म्हणजे सध्याचं डिफॉल्ट.

पोपटपंची

पल्सऑडिओ (पाइपवायरच्या आधीची तशीच यंत्रणा) काढून टाका, पाइपवायरही काढा, मग दोन्ही परत टाका. आणि मॉडप्रोबच्या (ड्रायव्हर लोड करणाऱ्या आज्ञेच्या) फाइलीत एसएनडी-एचडीए-इंटेलसमोर मॉडेल=जेनेरिक असं लिहा. माझं २०१४ साली असंच चालू झालं होतं.

उलटतपासणी

पोपटपंची, राग मानू नका, पण ती ओळ त्या वर्षीच्या त्या लॅपटॉपसाठी होती. डेबियन १२ मध्ये ग्नोमसोबत पाइपवायरच येतं, आणि पल्सऑडिओच्या भाषेत बोलणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी पाइपवायर-पल्स मध्ये बसलेलं असतं. दोन्ही उपटून परत लावताना लोक ग्नोमही उपटून बसलेत. आणि धागाकर्त्यांची पट्टी नाचतेय, मग वरचा मजला पाडायचा कशाला?

मुकीपेटी

चालवलं.

एलएसपीसीआयमध्ये ऑडिओ म्हणून एकच ओळ आहे, ग्राफिक्स कार्डाची. तिला एसएनडी_एचडीए_इंटेल ड्रायव्हर लागलाय. माझा प्रोसेसर एएमडीचा, ग्राफिक्स कार्डही इंटेलचं नाही, मग हे इंटेल कुठून आलं?

एप्ले -एल मध्ये एकच कार्ड, शून्य क्रमांकाचं, त्यात एचडीएमआय ०, १, २, ३. डब्ल्यूपीसीटीएलमध्येही तेच, चांदणीसकट.

बोर्डावरची चिप कुठेच नाही. बायोसमध्ये जाऊन पाहिलं, तिथे ऑनबोर्ड ऑडिओ चालू आहे. बंद करून परत चालू केलं, फरक नाही.

आणि हो, कुठेतरी वाचून सुडो (रूट म्हणजे मुख्य प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावून सिस्टिमसीटीएल --युझर रिस्टार्ट पाइपवायर केलं, तर बसला जोडता येत नाही म्हणाला.

रात्रपाळी

इंटेल नावाला बिचकू नका. हाय डेफिनिशन ऑडिओ हे मानक इंटेलने २००४ मध्ये आणलं, जुन्या एसी९७ च्या जागी. ते सगळ्यांनीच उचललं, म्हणून एएमडीच्या बोर्डावरही आणि एचडीएमआयच्या आवाजालाही हाच ड्रायव्हर. नाव राहिलं ते राहिलं.

सुडोचं म्हणाल तर पाइपवायर तुमच्या खात्यात चालतं, रूटच्या नाही. --युझर असेल तिथे सुडो लावायचाच नाही. रूट झालात की तो रूटचं सत्र शोधतो, आणि तिथे गाणं ऐकत कोणी बसलेलं नसतं.

सरळमार्गी

एलएसपीसीआयमध्ये चिपच नाही म्हणजे चिप मेलेली. वॉरंटीत आहे ना? बोर्ड परत करा.

टोकदारपिन

बोर्ड परत करायची घाई नको. मीही असाच एक बोर्ड काढून खोक्यात भरला होता, नंतर शरमेने परत बसवला.

अलीकडच्या बऱ्याच बोर्डांवर रिअलटेकची एएलसी४०८० नावाची चिप असते. एएलसी८९७ किंवा एएलसी१२२० ह्या चिपा एचडी ऑडिओच्या तारांवर बसतात. ही मात्र बोर्डावर सोल्डर केलेली असली तरी आतून यूएसबीला जोडलेली असते. बाहेरून बघाल तर तेच हिरवे-गुलाबी जॅक, पण कर्नलच्या लेखी ते यूएसबी साउंड कार्ड. म्हणून एलएसपीसीआयमध्ये ती दिसणारच नाही. एलएसयूएसबी चालवा. नंतर एलएसयूएसबी -टी चालवा, ते झाडासारखं दाखवतं आणि प्रत्येक फांदीपुढे ड्रायव्हरचं नाव देतं.

बोर्डाच्या माहितीपत्रकात ऑडिओच्या रकान्यात काय लिहिलंय तेही बघा.

मुकीपेटी

टोकदारपिन, माहितीपत्रकात एएलसी४०८० च आहे!

एलएसयूएसबीमध्ये 'यूएसबी ऑडिओ' नावाची एक ओळ आहे. म्हणजे जिवंत आहे. झाडात तिच्या चार-पाच ओळी दिसतात, प्रत्येकीत क्लास=ऑडिओ, त्यापुढे ड्रायव्हर= आणि त्यापुढे... काही नाही. बरोबरचं चिन्ह आणि मोकळी जागा. कीबोर्ड-माउससमोर मात्र यूएसबीएचआयडी व्यवस्थित लिहिलंय.

अल्पसंतुष्ट

मध्येच घुसतोय, माफ करा, माझंही असंच आहे. नवी मशीन, पण माझी चिप एएलसी८९७. एप्लेमध्ये कार्ड दिसतं, सेटिंग्जमध्ये निवडलेलंही आहे, तरी मागचे स्पीकर मुके. पुढे हेडफोन लावले की ते वाजतात.

टोकदारपिन

अल्पसंतुष्ट, तुमचा प्रकार निराळा आहे. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा. एफ६ दाबून तुमचं कार्ड निवडा, कारण उघडताना तो पाइपवायरचीच एक जाडजूड पट्टी दाखवतो आणि लोक तिथेच फसतात. मग खांबांच्या पायाशी बघा: ओओ म्हणजे चालू, एमएम म्हणजे म्यूट. लाइन आउट किंवा फ्रंट नावाच्या खांबाखाली एमएम असेल तर त्या खांबावर जाऊन एम दाबा. उजवीकडे सरकत गेलात की ऑटो-म्यूट मोड नावाचा खांब येईल. तो चालू असला की पुढे हेडफोन टोचल्याबरोबर मागचे स्पीकर आपोआप गप्प होतात. हेडफोन कायम लावून ठेवायची सवय असेल तर तो डिसेबल्ड करा.

उलटतपासणी

परत धाग्यावर. मुकीपेटी, आता चित्र स्पष्ट होतंय. चिप जिवंत, बस जिवंत, तिला ड्रायव्हर लागत नाहीये. तिला लागतो एसएनडी_यूएसबी_ऑडिओ, आणि तो डेबियनच्या नेहमीच्या कर्नलसोबत असतोच. (उबुंटूवर असता तर वेगळा संशय घेतला असता: तिथे आवाजाचे बरेच ड्रायव्हर लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा नावाच्या पॅकेजात असतात आणि ते राहून गेलं की असाच शुकशुकाट होतो.)

दोन प्रश्न:

१. यूएसबीला आवाजाचं आणखी काही लावलंय का? माइक, हेडसेट, वेबकॅम? त्यांच्या ऑडिओच्या ओळीसमोर काय लिहिलंय?

२. पेनड्राइव्हवर डेबियनचं लाइव्ह (डिस्कवर काही न टाकता पेनड्राइव्हवरूनच चालणारं) घेऊन बूट करा, पण डेबियन १२ च घ्या, दुसरं डिस्ट्रो नको. नवीन फेडोरा घेतलं आणि वाजलं, तर नव्या कर्नलमुळे वाजलं की तुमच्या डिस्कवर काही बिघडलंय म्हणून इथे वाजत नाही, हे ठरवता येणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

सरळमार्गी

लाइव्ह टाकायला पेनड्राइव्ह बनवणार, तेवढ्यात पुसून टाकलं असतं.

मुकीपेटी

पेनड्राइव्ह बनवला. लाइव्हमध्ये बूट केलं आणि...

वाजलं! स्पीकर-टेस्ट -सी २ -टी वेव्ह चालवलं. डावीकडून बाईंचा आवाज 'फ्रंट लेफ्ट', उजवीकडून 'फ्रंट राइट'. इतका गोड आवाज यापूर्वी ऐकला नव्हता. दहा मिनिटं तेच ऐकत बसलो होतो. झाडात ड्रायव्हर= च्या पुढे एसएनडी-यूएसबी-ऑडिओ छापून आलंय.

परत माझ्या डिस्कवर बूट केलं, परत मुकं. आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर: जुना वेबकॅम लावलाय, त्याचा माइक आहे. त्याच्या ऑडिओच्या ओळीसमोरही ड्रायव्हर= मोकळं. चित्राच्या ओळीसमोर मात्र यूव्हीसीव्हिडिओ लिहिलंय.

रात्रपाळी

आहा. मग गुन्हेगार घरातलाच.

नव्या चिपलाही ड्रायव्हर नाही आणि कित्येक वर्षं जुन्या वेबकॅमच्या माइकलाही नाही. दोघांमध्ये सामाईक काय, तर तो एकच ड्रायव्हर. तुमच्या डिस्कवर कोणीतरी त्याला दारातच अडवलंय. हाताने बोलावून बघा:

सुडो मॉडप्रोब एसएनडी-यूएसबी-ऑडिओ

आला तर कळेल की ड्रायव्हर आहे, फक्त स्वतःहून येत नाही. ब्लॅकलिस्टचा अर्थच तेवढा: हार्डवेअर दिसल्यावर आपोआप लोड होऊ नको. नाव घेऊन हाक मारली तर तो येतोच.

मुकीपेटी

आला!! एंटर मारल्यावर सेकंदभरात सेटिंग्जमध्ये स्पीकर्स उगवले. गाणं चालूच होतं; आउटपुट बदललं आणि मधल्याच ओळीपासून वाजायला लागलं.

पण रीबूट केलं की परत मुकं.

रात्रपाळी

ते होणारच. आता त्याला अडवणारी ब्लॅकलिस्टची चिठ्ठी शोधा. ग्रेप -आर एसएनडी, आणि पुढे /ईटीसी/मॉडप्रोब.डी हा फोल्डर द्या. तिथे काही नाही मिळालं तर /यूएसआर/लिब/मॉडप्रोब.डी मध्येही तेच.

मुकीपेटी

मंडळी, मला लाज वाटतेय. तरी लिहितो.

/ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये 'माइक-बंद.कॉन्फ' नावाची फाइल मिळाली. आत दोन ओळी आहेत. दुसरी: ब्लॅकलिस्ट एसएनडी_यूएसबी_ऑडिओ. पहिली ओळ टिप्पणी आहे आणि ती मीच लिहिलेली आहे: 'वेबकॅमचा माइक बंद केलाय, ह्याला हात लावू नये'.

आता सगळं आठवलं. जुन्या मशीनवर हा वेबकॅम लावला की त्याचा खरखरता माइक डिफॉल्ट होऊन बसायचा. वैतागून कुठूनतरी ही ओळ उचलली आणि चिकटवली. तेव्हा बोर्डाची चिप एचडीए जातीची होती, तिचं काही बिघडलं नाही. फक्त माइक गेला आणि मी खूश. नंतर विसरलो. आता नवी चिपच यूएसबीची निघाली, तर माझ्याच चिठ्ठीने तिला दारात अडवलं.

फाइल उडवली, सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू (बूटच्या वेळी लागणारी फाइल ताजी करायला) केलं, रीबूट केलं. वाजतंय.

टोकदारपिन

😄 'हात लावू नये' हे लई भारी.

पोपटपंची

म्हणजे मॉडप्रोबच्या फाइलीतच होतं, मी म्हणत होतो ना!

उलटतपासणी

पोपटपंची, तुम्ही त्या फोल्डरात आणखी एक चिठ्ठी टाकायला सांगत होतात. 🙂

सरळमार्गी, हेही मान्य करतो की पुसून नव्याने टाकलं असतं तर वाजलं असतं. मग धागाकर्त्यांनी पुढच्या आठवड्यात वेबकॅमला वैतागून तीच ओळ परत चिकटवली असती.

सरळमार्गी

हा टोमणा घेतला.

अल्पसंतुष्ट

माझं झालं. लाइन आउटखाली एमएमही होतं आणि ऑटो-म्यूटही चालू होतं. आधी एकच काढलं आणि तुम्हाला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले, मग दुसरं दिसलं. आभार. चहाटळ प्रश्न: अल्सा, पल्सऑडिओ, पाइपवायर हे एकाच कामाला तीन-तीन कशाला?

रात्रपाळी

तीन मजले म्हणा. अल्सा तळाचा, कर्नलमधला. २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलपासून तो ठाण मांडून आहे, त्याआधी ओएसएस होतं. चिपशी प्रत्यक्ष बोलतो तो हाच. पण त्याला नुसताच वापरलं तर दोन प्रोग्रॅमांचे आवाज एकत्र कालवणं, चालू गाणं स्पीकरवरून हेडफोनवर नेणं ही कामं अवघड जातात. त्यासाठी वर पल्सऑडिओ आलं, २००४ मध्ये. सुरुवातीची काही वर्षं लोकांनी त्याच्या नावाने एवढी बोटं मोडली की काही विचारू नका. पाइपवायर तेच काम करतं, शिवाय व्हिडिओही वाहून नेतं आणि स्टुडिओवाल्यांच्या जॅक नावाच्या सॉफ्टवेअरचंही (भोकाचा जॅक नव्हे) काम करतं. फेडोराने २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीत ते आवाजासाठी डिफॉल्ट केलं, उबुंटूने २२.१० मध्ये.

कोणतं आउटपुट डिफॉल्ट, कुठल्या कार्डाचं कोणतं प्रोफाइल, हे पाइपवायर स्वतः ठरवत नाही. तो कारभार वायरप्लंबर नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे आहे. म्हणून कधीकधी दोष पाइपवायरला आणि उपाय वायरप्लंबरमध्ये.

मुकीपेटी

धागा बंद करणार होतो, पण आणखी एक राहिलं. मागे स्पीकर वाजतात, पण कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला हेडफोन लावले तर सिस्टिमला पत्ताच लागत नाही. यादीत हेडफोन येतच नाहीत. पुढच्या यूएसबी चालतात. आता मात्र माझी कुठलीही चिठ्ठी नाही, सगळं तपासलं!

टोकदारपिन

कॅबिनेट जुनं आहे म्हणालात ना? मग आधी झाकण उघडा, टर्मिनल नंतर.

पुढच्या जॅककडून एक वायर बोर्डाच्या खालच्या कडेला येते, बहुतेक डाव्या कोपऱ्यात. जुन्या कॅबिनेटच्या त्या वायरीला टोकाला दोन डोकी असतात, एकावर एचडी ऑडिओ आणि दुसऱ्यावर एसी९७ लिहिलेलं. दोन्ही एकाच मापाची, दोन्हींतलं आठव्या पिनचं भोक बुजवलेलं, त्यामुळे दोन्ही त्याच जागी सुखाने बसतात. (शेजारच्या यूएसबीच्या पिनांत नववी नसते, म्हणून तिथे मात्र चुकून बसत नाही. ही अक्कल कुणीतरी आधीच लढवून ठेवली आहे.)

फरक असा की एचडी ऑडिओच्या डोक्यात जॅक लागल्याची खबर नेणाऱ्या तारा असतात, एसी९७ मध्ये त्या नाहीत. एसी९७ लावलंत तर हेडफोन टोचले तरी चिपला वाटतं, पुढे कोणी आलेलंच नाही.

झाकण उघडण्याआधी मागचा स्विच बंद, वायर काढा.

मुकीपेटी

ग्राफिक्स कार्डाच्या खाली हात जात नव्हता, शेवटी कार्ड काढलं. टॉर्च लावून बघितलं: दोन काळी डोकी, एक बसवलेलं, दुसरं वायरीला लोंबकळतंय. बसवलेल्यावरची अक्षरं पुसट झालीत, अंगठ्याने धूळ पुसल्यावर 'एसी' एवढं वाचता आलं. लोंबकळणाऱ्यावर एचडी. अदलाबदल केली.

हेडफोन टोचले, लगेच यादीत आले, आवाज तिकडे गेला. काढले, स्पीकर परत वाजायला लागले.

आता उरलं फक्त जुनं दुखणं. ब्लॅकलिस्ट काढल्यामुळे वेबकॅमचा तो खरखरता माइक परत आलाय आणि पुन्हा डिफॉल्ट होऊन बसलाय.

उलटतपासणी

पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल टाका, पॅकेजचं नाव पीएव्हीयूकंट्रोल. पाइपवायरसोबतही ते चालतं. त्यात शेवटच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये वेबकॅमसमोरचं प्रोफाइल ऑफ करा. चित्र चालू राहील, माइक गप्प बसेल, बाकी कोणाला धक्का लागणार नाही. वायरप्लंबर ही निवड लक्षात ठेवतो, रीबूटनंतरही.

मुकीपेटी

केलं. रीबूट करूनही बघितलं, ऑफच आहे. ह्यावेळी टिप्पणी लिहायला फाइलच नाही, म्हणून वेबकॅमवरच चिठ्ठी चिकटवली आहे.